मदत हवी आहे : बटणांच्या फोनवर गरोदर बायकांना निरोप कसे पाठवू?

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे केनियात किसुमूला राहते, जवळच्या गावातल्या दवाखान्यात मदतीला जाते. बायका तपासणीची तारीख विसरतात. फोन बटणांचे, इंटरनेट नाही. पण याच फोनवर २००७ पासून एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेने पैसे फिरतात, भाजीवालीसुद्धा त्यावरच घेते! दक्षिण आफ्रिकेत २०१४ साली सुरू झालेल्या मॉमकनेक्ट या सरकारी आरोग्य-निरोप सेवेने गरोदर बायकांना मोफत एसएमएस पाठवले. तसंच मला दोनेकशे जणींसाठी करायचंय, लुओ आणि स्वाहिली या इथल्या भाषांत. एकगठ्ठा एसएमएसची अशी सोय कुणी स्वतः उभी केली आहे का? काहींना वाचता येत नाही, त्यांना रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवता येईल? आणि घरात एकच फोन असतो, मग बाईची खासगी गोष्ट कशी जपायची? याचीच जास्त काळजी वाटते.