मदत हवी आहे: घरच्या सुतारकामाच्या शेडला थ्री फेज, कोणी घेतलंय का?

अर्धीपटाशी
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. कोल्हापूरला एक वर्कशॉप बंद होत होतं, तिथून १२ इंची रंधा मशीन उचललं. टेम्पोभाडं धरूनही स्वस्तात पडलं. चार माणसं लावून शेडमध्ये उतरवलं आणि मग लक्षात आलं की मोटर थ्री फेज आहे. घरात सिंगल फेज. वीज कार्यालयात दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब साइटवर, दुसऱ्या खेपेला "घरगुतीला थ्री फेज कशाला हवं?" वायरमन म्हणतो सगळं मी करतो, पण आकडा काही सांगत नाही. किती दिवस लागतात, खर्च किती, लवकर सांगा. पावसाच्या आधी दोन दारं आणि एक झोपाळा पुरा करायचाय.

खडूस_खटारा
मोटर किती एचपी? गाव की शहर? शेड घरातच की वेगळ्या जागेत? सध्या मंजूर लोड किती? काही म्हणजे काही लिहिलेलं नाही, आणि वर "लवकर सांगा".

अर्धीपटाशी
३ एचपी. सिंधुदुर्गातलं गाव आहे, नाव नको. शेड मागच्या पडवीला लागून. लोड बिलावर बघून सांगतो.

धाकटी_करवत
मोटर बदला, विषय संपला. ३ एचपीची सिंगल फेज मोटर बाजारात मिळते. माझी आठ वर्षं चालतेय, नाशिकला.

जुना_वायरमन
करवतताई, नाशिकला तुमच्या दारात पुरेसं व्होल्टेज येत असेल म्हणून चालतेय. सिंगल फेजवर ३ एचपी म्हणजे भरल्या लोडला १५-१६ अँपिअर, आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहापट झटका. कोकणात खांब एकीकडे, घर दुसरीकडे, मध्ये माडांतून लोंबणारी सर्व्हिस वायर. संध्याकाळी व्होल्टेज बसलं की मोटर नुसती घुमते, फिरत नाही. तीच ३ एचपी थ्री फेजवर प्रत्येक तारेत जेमतेम पाच अँपिअर घेते. पटाशीराव, रात्री आठ वाजता मल्टिमीटर लावून आकडा द्या.

सर्किटवेडा
इतका खटाटोप कशाला? व्हीएफडी लावा, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा. आत २३० सिंगल फेज, बाहेर थ्री फेज. मोटर हळूहळू वेग घेते, झटका नाही, वर वेगही कमीजास्त करता येतो. माझ्या खराद मशीनवर हाच आहे. कार्यालयाची पायरी चढायची गरज नाही.

जुना_वायरमन
बाहेर थ्री फेज, पण किती व्होल्टचं ते सांगा की! साधा व्हीएफडी २३० आत घेऊन २३०च बाहेर देतो. तुमची खरादाची मोटर लहान असणार. मोटरीतल्या तीन गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. आपल्याकडच्या लहान मोटरी बहुतेक स्टारमध्ये येतात. सहा टोकं बाहेर असतील तर डेल्टात जोडून २३०वर चालवता येतात. ३ एचपीची बहुधा मुळातच ४१५ डेल्टा असते. तिला २३० दिलं तर ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. सागवानाला पाती लागली की जागीच थांबेल. आधी मोटरची प्लेट वाचा. मग एकतर रिवाइंडिंग (मोटरची तार नव्याने गुंडाळणं), नाहीतर व्होल्टेज वाढवून देणारा महागडा व्हीएफडी.

सर्किटवेडा
माझी १ एचपी आहे, मान्य. पण पर्याय बाद नाही हो झाला.

माळरान
आमच्याकडे शेतावर दोनच फेज असले की कपॅसिटर लावून पंप चालवतात. शे-दीडशेत काम होतं.

जुना_वायरमन
आणि वर्षातून दोनदा मोटर भरून आणतात, तेही सांगा. पंपाला जळायची सवय असते. रंध्याच्या पात्यांपुढे हात असतो, तिथे असले प्रयोग नकोत. शेतीच्या कनेक्शनवरून शेडला तार ओढायचा सल्ला अजून कोणी दिलेला नाही. देणार असाल तर देऊ नका.

खडूस_खटारा
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. पटाशी, बनवलेल्या वस्तू विकता का?

अर्धीपटाशी
नाही. म्हणजे ओळखीच्यांच्या दोन-चार ऑर्डरी असतात. दारं बहिणीची आहेत. झोपाळ्याचे पैसे घेतलेत.

खडूस_खटारा
मग घरगुती मीटर विसरा. वीज कायदा २००३, कलम १२६. तपासणीला आले तर अनधिकृत वापर म्हणून दुप्पट दराने बिल. कधीपासून वापरताय ते कळलं नाही तर मागच्या १२ महिन्यांचं.

बिलवाली
खटारा, उगाच घाबरवू नका. महाराष्ट्राच्या दरपत्रकात स्पष्ट लिहिलंय: राहत्या घराच्या काही भागात धंदा किंवा छोटा उद्योग असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत, आदल्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. मी घरी शिलाईची चार यंत्रं चालवते, बिल घरगुतीच येतं. ३ एचपी म्हणजे सव्वादोन किलोवॅट. रोज दोन तास पूर्ण ताकदीने चालवलं तरी महिन्याला दीडशे युनिटांच्या आसपास. घरचा वापर त्यात मिळवा आणि मग घाबरायचं की नाही ते ठरवा. मात्र थ्री फेज घेतलं की स्थिर आकार वाढतो. मशीन महिनाभर झाकून ठेवलं तरी तो भरावाच लागतो.

खडूस_खटारा
३०० युनिटांचं लक्षात नव्हतं. पण शेड "घराचा भाग" धरतात का, हे येणाऱ्या साहेबावर.

बिलवाली
पडवीला लागून आहे असं त्यांनी वरच लिहिलंय.

श्वार्झवाल्डचा_बंड्या
आमच्याकडे जर्मनीत घरोघरी थ्री फेजच असतं. ४०० व्होल्ट, गॅरेजमध्ये पाच पिनांचं लाल सॉकेट. रंधा आणला, खुपसला, सुरू. भारतात हे का होत नाही कळत नाही.

माळरान
बंड्या, ते सॉकेट पार्सल कर.

उन्हाळी_मेघ
छतावर सोलर घ्या. पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे. बिल जवळपास शून्य.

धाकटी_करवत
बिल किती येतं हे त्यांनी विचारलंय कुठे?

चितारआळीचा_भाचा
माझे मामा सावंतवाडीत लाकडी खेळणी करायचे. हातरंध्याने फळी अशी करायचे की तोंड दिसावं. आता सगळ्यांना मशीन हवं. बाकी पटाशी, लाकूड कुठलं वापरताय? शिवण मिळते का अजून?

अर्धीपटाशी
फणस आणि सागवान. शिवणीबद्दल वेगळा धागा काढू. कृपया थ्री फेजवर या.

वेंगुर्ल्याचो_झील
रे, पयलो खांबावर चढान बघ (म्हणजे खालसून बघ, चढा नको). तारा किती आसत? आणि गावात पिठाची गिरण खंय आसा? गिरण आसा थंय थ्री फेज आसतलोच.

जुना_वायरमन
झील, शंभर टक्के. हे पहिल्यांदा विचारायला हवं होतं. खांबावर पाच तारा असतील तर तीन फेज, एक न्यूट्रल, एक रस्त्याच्या दिव्याची. तीनच असतील तर फेज, न्यूट्रल आणि दिवा. तिथे मीटर बदलून काहीही होणार नाही, लाइनच वाढवावी लागेल.

अर्धीपटाशी
आत्ता बघून आलो. माझ्या दारातल्या खांबावर तीन. देवळाजवळच्या खांबावर पाच आहेत. तिथून माझ्याकडे मधले दोन खांब. गिरणी देवळामागेच आहे! इतकी वर्षं दळण नेतोय, वर कधी बघितलं नाही.

रात्री आठला १९२ व्होल्ट. प्लेट मातीने भरली होती, रॉकेलच्या फडक्याने पुसली: २.२ किलोवॅट, ४१५, डेल्टा, १४४० आरपीएम.

जुना_वायरमन
मग झालं स्पष्ट. सिंगल फेज मोटर १९२वर घुमत बसेल आणि साधा व्हीएफडी चालणार नाही. अर्जात नुसतं "थ्री फेज पाहिजे" लिहू नका. एचपी लिहा, घरचा लोड मिळवून एकूण किलोवॅट लिहा, आणि "देवळाजवळच्या खांबापर्यंत थ्री फेज लाइन आहे" हे वाक्य टाका. ए-१ अर्ज (नव्या किंवा वाढीव वीजपुरवठ्याचा) ऑनलाइन भरा, पोच राहते. सोबत घरपट्टीची पावती आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. लाइन वाढवायची म्हणजे अभियंता जागा बघून अंदाजपत्रक करणार. खर्च त्यावर ठरेल, वायरमनच्या तोंडी आकड्यावर नाही.

शेडला वेगळं अर्थिंग घ्या. डीओएल स्टार्टरबरोबर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच, एक फेज गेला तरी मोटर वाचते. घरचे पंखे-दिवे तिन्ही फेजवर वाटून घ्या.

गिरणवाला_अण्णा
मी २२ वर्षं गिरणी चालवतो, एक सांगतो. एका वादळानंतर लाइनमनने तारा जोडल्या, दोन फेज अदलाबदल झाले आणि सकाळी माझं जातं उलटं फिरलं. माझा तेव्हा फक्त पट्टा निघाला. तुमच्या रंध्याची पाती उलटी फिरली तर फळी अंगावर येईल. कनेक्शन मिळालं की आधी पट्टा उतरवा, मोटर रिकामी क्षणभर फिरवा, दिशा बघा. उलटी असेल तर कुठल्याही दोन तारा बदला. आणि दर वादळानंतर पुन्हा बघा.

अर्धीपटाशी
धन्यवाद मंडळी. आमचे गिरणीवाले म्हणाले अर्जावर शेजारच्या दोन घरांच्याही सह्या घे, त्यांनाही पंपासाठी थ्री फेज हवंय. सोमवारी अर्ज भरतो. यंदाच्या पावसाआधी दिसत नाही, दारं हातरंध्यानेच. चितारआळीचे भाचे खूश.

धाकटी_करवत
मशीन तोपर्यंत नुसतं ताडपत्रीखाली ठेवू नका. पाती काढून तेलाचा हात द्या, कागदात गुंडाळा. टेबलावर मेण चोळा. कोकणातल्या पावसाळ्यात बिडाला गंज धरायला आठवडा पुरतो.

चितारआळीचा_भाचा
शिवणीचा धागा कधी काढताय?