मेसेन्कायमल स्टेम सेल : मराठीत काय म्हणावं?

शब्दांची हमाल
गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. 'मेसेन्कायमल स्टेम सेल' म्हणजे अस्थिमज्जेत सापडणाऱ्या, हाड-कूर्चा होऊ शकणाऱ्या पेशी. त्यांना 'मध्योतक मूलपेशी' (मध्य + ऊतक, म्हणजे टिश्यू) लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मुलाच्या नाळेतून काढतात त्या का गं?" मूल-पेशी! त्यात मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'मूल'वरच काट मारून 'या मूलपेशी म्हणणं वादग्रस्त' असा शेरा मारलाय. आता काय लिहू?

बोरूबहाद्दर
'मूलपेशी' दहावीच्या पुस्तकात आहे म्हणून रुळला, पण चूकच. स्टेम म्हणजे खोड, मूळ नव्हे. 'स्कंधपेशी' म्हणा.

वाकडी वाट
स्कंध म्हणजे खांदासुद्धा. दुखतोय गुडघा, पेशी खांद्याच्या!

पोथीनिष्ठ
खोडाचा आग्रह नको. शब्द जर्मनमधून आलाय. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलनं १८६८ मध्ये 'श्टामत्सेल' म्हटलं ते सगळ्या सजीवांच्या आद्य एकपेशीय पूर्वजाला. 'श्टाम' म्हणजे खोड, तसाच वंशही. आपल्या वंशावळीत सगळ्यात वर मूळपुरुष असतो ना, तोच हा. तेव्हा 'मूळ' बरोबरच, फक्त ळ ठेवा : मूळपेशी. आईंचा घोटाळाही मिटेल.

पेट्रीताई
पंधरा वर्षं या पेशी वाढवतेय. तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. मॉस्कोत फ्रीडेनश्टाइन या संशोधकांना अस्थिमज्जेत प्लास्टिकला चिकटून वसाहती करणाऱ्या, हाड तयार करू शकणाऱ्या पेशी सापडल्या. 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं अमेरिकेतल्या कॅप्लान यांनी, १९९१ मध्ये. पण मूळपेशी म्हणायचं तर दोन गोष्टी हव्यात : स्वतःसारख्या पेशी निर्माण करत राहणं आणि वेगळ्या जातीच्या पेशी होणं. प्लास्टिकला चिकटलेल्या त्या घोळक्यात हे जमणाऱ्या थोड्याच. म्हणून पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 'स्टेम'ऐवजी 'स्ट्रोमल' (अवयवाला आधार देणाऱ्या जाळ्यातल्या) सुचवलं आणि २००६ मध्ये किमान अटी घातल्या. प्लास्टिकला चिकटायला हव्यात. किमान ९५ टक्के पेशींवर सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ या प्रथिनांच्या खुणा हव्यात, सीडी४५ आणि सीडी३४सारख्या रक्तपेशींच्या खुणा जवळजवळ नकोत. आणि प्रयोगशाळेतल्या बशीत त्यांच्यापासून हाडाच्या, मेदाच्या, कूर्चेच्या पेशी करून दाखवता आल्या पाहिजेत. बशीत हं. गुडघ्यात टोचल्यावर त्या बहुधा फार टिकत नाहीत. जे स्रवतात त्याचाच परिणाम जास्त, असं आता मानतात. पत्रकात 'नवी कूर्चा बनवतात' असं असेल तर शब्दाआधी ते वाक्य बघा.

पोथीनिष्ठ
स्ट्रोमल? अहो, मग मराठी शब्द घरातच आहे! ग्रीक 'स्ट्रोमा' म्हणजे पसरलेलं अंथरूण. आपलं अंथरूण संस्कृत 'आस्तरण'मधून आलं, आणि त्यातला 'स्तृ' हा त्या ग्रीक शब्दाचा सख्खा भाऊ. आस्तरपेशी म्हणा.

वाकडी वाट
अंथरूण पाहून पेशी पसराव्यात.

बोरूबहाद्दर
'आस्तर' वाचून लोकांना कोटाचं अस्तर आठवेल. आणि 'मध्योतक' कसला? 'ऊत' म्हणजे विणलेलं. 'मेसेन्कायमल'मधलं ग्रीक 'एन्खायमा' म्हणजे आत ओतलेलं. विणलेलं वेगळं, ओतलेलं वेगळं.

सायीचं भांडं
मला तर 'ऊतक' वाचलं की उतू गेलेलं दूधच दिसतं. म्हणजे ओतलेल्याच्या जास्त जवळ!

पेट्रीताई
लॅबमध्ये सगळे मेसेन्कायमल स्टेम सेलची आद्याक्षरं घेऊन 'एमएससी' म्हणतात, काम भागतं. कॅप्लान यांनीही पुढे 'स्टेम' सोडायला सांगितलं, पण अक्षरं तीच ठेवून 'मेडिसिनल सिग्नलिंग सेल्स' असं नवं नाव दिलं.

वाकडी वाट
पत्रकात लिहा : 'रुग्णाला एमएससी टोचण्यात येईल.' लोक विचारतील, फिजिक्स की केमिस्ट्री?

बोरूबहाद्दर
इंग्रजी अक्षरं घेऊन भाषा टिकत नाही.

पेट्रीताई
रुग्णाला न कळणारं संस्कृत घेऊन टिकते का?

बोरूबहाद्दर
'पेशी' तरी कुठे मराठी? संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. हिंदीत अजून मांसपेशी म्हणजे स्नायू.

सायीचं भांडं
भोपाळच्या सासऱ्यांना मी एकदा "पेशी तपासायला दिल्यात" म्हटलं. ते घाबरून विचारतात, "कोर्ट में?" त्यांच्याकडे पेशी म्हणजे तारीख.

पोथीनिष्ठ
ती पेशी फारसी, 'पेश'वरून. पेशवा त्यातलाच.

शब्दांची हमाल
पेशव्यांपर्यंत पोचलोच आहोत तर सांगते : 'अस्थिमज्जेतल्या आधारपेशी' लिहून पाठवलं. आईनं विचारलं, "आधार कार्ड लागेल का?"

बोरूबहाद्दर
'आधार' चालणार नाही. तो 'सपोर्ट'चा शब्दशः अनुवाद झाला.

पोथीनिष्ठ
आस्तर घ्या हो. अजून वेळ गेलेली नाही.