मदत हवी आहे: जर्मनीत मास्टर्स संपताना राहण्याच्या परवान्याचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण म्युनिकला मास्टर्स करतेय, आठवड्याला २० तास वर्किंग स्टुडंट म्हणून एका कंपनीत काम करते. थीसिस मार्चमध्ये जमा होईल. पुढे नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं, इथवर ठाऊक आहे. अडलंय ते मधल्या काळाचं. निकाल लागला, प्रमाणपत्र हातात नाही आणि विद्यार्थी परवाना संपत आलाय, अशा वेळी विद्यापीठाच्या तात्पुरत्या दाखल्यावर अर्ज घेतात का? विद्यापीठातलं नाव कमी झाल्यावर कंपनीचा करारही संपतो का? ब्लॉक अकाउंटमधले (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची सोय म्हणून आधीच बँकेत भरून ठेवलेले) पैसे केव्हाच संपलेत, पगार थांबला तर खोलीचं भाडं भरायचं कुठून, याच काळजीत आहे ती. हल्लीच यातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.