मदत हवी आहे : उघड्यावरची जुनी विमानं रंगवण्याआधी काय करावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या एका शाळेच्या आवारात छोटंसं विमान संग्रहालय आहे. पत्र्याची एक शेड, तिच्यात थोडी उपकरणं आणि फोटो, अन् बाहेर सिमेंटच्या चौथऱ्यांवर तीन विमानं : एचटी-२, दोन आसनी व्हॅम्पायर आणि मिग-२१. लहानपणी या विमानांच्या सावलीत बसून डबे खाल्लेली आम्ही मुलं आता पन्नाशीला आलो. यंदा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आहे. रक्कम मोठी नाही, पण तिन्ही विमानांची नीट डागडुजी व्हावी एवढी आहे. काम दिवाळीनंतर सुरू करायचंय, म्हणजे विचारायला वेळ आहे.

रंगाच्या ठेकेदाराचं म्हणणं असं : सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, जुना रंग पूर्ण काढायचा, खड्डे पुट्टीने भरायचे आणि वर गाड्यांना मारतात तो चकचकीत रंग मारायचा. बैठकीत बहुतेकांना हे पटलं. मला पटलं नाही, पण का पटलं नाही ते मला तांत्रिक भाषेत मांडता आलं नाही. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. म्हणून इथे विचारतोय.

गेल्या महिन्यात एचटी-२ च्या शेपटीजवळचा सुटलेला रंग जरा बाजूला झाला, तर खाली आणखी एक थर दिसला आणि त्यावर पुसट आकडे. चौथऱ्यावर आणण्याआधी कधीतरी घातलेला क्रमांक असणार. सँडब्लास्टिंग झालं की हे आकडे कायमचे गेले. या विमानाचा पूर्वीचा काहीच कागद आमच्याकडे नाही, त्यामुळे ते आकडे हीच त्याची ओळख आहे.

एचटी-२ बद्दल माझा जीव थोडा जास्त अडकतो, ते कारणही सांगतो. भारतात आराखडा होऊन भारतातच बनलेलं हे प्रशिक्षण विमान, पहिलं उड्डाण १९५१ चं. ज्यांच्या नेतृत्वाखाली ते घडलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गोटिंगेनला नामवंत वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. आमच्या फलकावर मात्र फक्त ‘प्रशिक्षण विमान’ असे दोन शब्द आहेत. शाळेतल्या एकाही मुलाला घाटग्यांचं नाव माहीत नव्हतं, मी स्वतः विचारून पाहिलं. नवीन रंगाइतकाच नवीन फलक गरजेचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि तो चांगल्या मराठीत हवा.

मध्यंतरी गोव्याला बोगमाळ्याचं नौदलाचं विमान संग्रहालय पाहून आलो. १९९८ मध्ये सुरू झालेलं. तिथेही मोठी विमानं बाहेरच उभी आहेत : सुपर कॉन्स्टेलेशन, सी हॉक, आलिझे, आणि एक एचटी-२ सुद्धा. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. विक्रांतच्या डेकवरून उडालेली विमानं पाहायला आईबाप मुलांना घेऊन येतात, मुलं प्रश्न विचारतात. आमच्याकडे असं व्हायला काय करावं, हे डोक्यात घेऊनच परतलो.

तर विचारायचं हे की जुना रंग न घालवता पत्रा कसा वाचवायचा? पंखाच्या सांध्यांवर आणि रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी येते, ती काय आहे? टायर बसलेत, त्यांना हवा भरू का? व्हॅम्पायरच्या पुढच्या भागावर टकटक केली तर आवाज लाकडासारखा येतो आणि खाली ओलही दिसते. आणि मुलांना कॉकपिटमध्ये बसू द्यायची फार इच्छा आहे, त्यात काही धोका आहे का? वायुदलात किंवा विमान दुरुस्तीत काम केलेल्या कुणीही सांगितलं तरी ऋणी राहीन.

प्रतिसाद १ (निवृत्त एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारा)

सँडब्लास्टिंग अजिबात करू देऊ नका. विमानाचा पत्रा पातळ असतो आणि त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा थर गंज रोखण्यासाठीच दिलेला असतो. वाळूने तोच उडतो. लोखंडी ब्रशही नको, त्याचे कण पत्र्यात रुततात. पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. साधं पाणी, सौम्य साबण, प्लॅस्टिकची पट्टी, एवढ्यावर सुरुवात करा. खालची पाणी निघायची छिद्रं आधी मोकळी करा, ती बुजली की विमान आतून सडतं. पक्ष्यांची घरटीही पाहा.

जुना पिवळट-हिरवा प्रायमर दिसला तर कोरडा घासू नका. त्यात क्रोमेट असतं, ती धूळ फुप्फुसांना घातक.

टायरमध्ये हवा भरू नका. जुना टायर किंवा रिम फुटून माणसं जखमी होतात. विमान पक्क्या टेकणांवर उचलून भार काढा. कुठे टेकवायचं हे जाणत्याकडूनच ठरवा.

व्हॅम्पायरबद्दल तुमचा कान बरोबर आहे. त्याचं पुढचं धड प्लायवूड आणि बाल्सा या हलक्या लाकडाचं असतं. वाळवी आणि ओल, दोन्ही तपासा. तिन्हींत आधी छप्पर लागेल ते त्याला.

आता कॉकपिट. इजेक्शन सीट (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) असलेल्या विमानात सीटची आणि कॅनोपीची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची) स्फोटकं काढल्याचा लेखी दाखला हातात असल्याशिवाय कुणालाही आत बसवू नका, स्वतःही बसू नका. जुन्या डायलवरचे आकडे एकेकाळी अंधारात चमकायचे, त्यात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो. काच उघडू नका, मोजणी करून घ्या.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद छापून समितीला वाचून दाखवला. सँडब्लास्टिंग रद्द झालं. वर्गणीतला मोठा वाटा आता व्हॅम्पायरच्या छपराला जाईल, आणि दाखल्यासाठी वायुदलाला पत्र लिहिलं आहे. तोवर कॉकपिटला कुलूप. रविवारी नववीची आठ मुलं मास्क लावून, ट्रेसिंग कागद आणि पेन्सिल घेऊन एचटी-२ जवळ येतील, काहीही न घासता शेपटीवरचे आकडे उतरवून घ्यायला. काही आकडे अर्धेच दिसतात, ते तिरप्या उजेडात वाचता येतील का? कुणी केलं असेल तर सांगा.