कॉलेजचे पहिले काही महिने: तुमचं कसं गेलं?

वडसावाला
परवा नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर एक पोरगा अन् त्याचे बाबा दिसले. गादीची वळकटी, बादली, बादलीत मग. बाबांनी पोराच्या खिशात नोटा कोंबल्या आणि लगेच परतीची गाडी विचारायला गेले.

मी 1997 ला असाच आलो, वडशावरून ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत. बाबा चहालाही थांबले नाहीत. घरी रोवणी लागली होती, बांधीत पाणी होतं, मजूर मोठ्या मुश्किलीनं मिळाले होते. सगळं माहीत असूनही मला राग आलाच. पण खरे हाल भातानं केले. आम्ही झाडीपट्टीतले, दोन्ही टाईम भात. मेसमध्ये पोळ्या चार अन् भात वाटीभर. पुन्हा मागितला की काकू म्हणायच्या, "पोळी घे ना रे." पोट भरायचं, जेवण झालं असं काही वाटायचं नाही. दिवाळीत घरी किती भात खाल्ला ते विचारू नका. लिहा आता तुमचं.

बर्डीची_बाई
आम्ही नागपूरच्याच, घर महाल भागात, म्हणून सगळ्यांना वाटायचं हिला काय त्रास. अहो, तोपर्यंत मी बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एकटी कधी गेलेच नव्हते! आई सोबत असायची नाहीतर काकू. आणि कॉलेजात पार्किंगमध्ये सगळ्या पोरी डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून, वर गॉगल, हातमोजे. कोण कोण आहे काही कळेना. मी चपला लक्षात ठेवायचे. निळ्या पट्ट्याची चप्पल म्हणजे केमिस्ट्रीवाली. एक दिवस तिनं नवीन सँडल घातली आणि मी दिवसभर एकटीच बसले 😂

सबमिशनग्रस्त
चपलेवरून ओळख 🙏🙏
आमचं म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा ड्राफ्टर अन् शीटचा डब्बा घेऊन बसमध्ये चढायचं. कंडक्टर दर वेळी, "बंदूक आहे का बे?" रात्री होस्टेलवर काचेखाली बल्ब लावून जीटी, म्हणजे दुसऱ्याच्या शीटवरून ड्रॉइंग छापणं. पूर्ण मजल्यावर काच एक, ती पण कोणाच्या तरी खिडकीची.

काटोलकर
तुमचे पहिले महिने कॉलेजात तरी गेले. आमची 2020 ची बॅच, आमचं कॉलेज म्हणजे घरची गच्ची, कारण रेंज तिथंच. संत्र्याच्या मृग बहाराची तोड सुरू झाली, खाली व्यापारी आला, बाबा आणि तो भावावरून भांडून राहिले आणि माझा माईक चालू. सर म्हणाले, "काका बरोबर बोलून राहिले, एवढ्यात देऊ नका." पूर्ण वर्गाला आमच्या संत्र्याचा भाव माहीत होता, माझा चेहरा कोणालाच नाही. नंतर कॉलेज उघडलं तर ओळख काय, "अरे तू संत्रा ना?" अजूनही संत्राच म्हणतात.

वडसावाला
@काटोलकर भाव किती मिळाला शेवटी?

काटोलकर
बाबा अजून त्या सरांचं नाव काढतात, एवढंच सांगतो 😄

अनामिक_96
मी जरा वेगळं लिहिते. आमच्या वेळी रॅगिंगला मस्करी म्हणायचे. रात्री उठवून ओळख परेड, गावाचं नाव सांगितलं की हसायचे, मग गावची बोली बोलून दाखव. मी पहिले दोन-तीन महिने वर्गात तोंडच उघडलं नाही. राज्यात कायदा 1999 मध्ये आला, तोवर तक्रार करायची कोणाकडे? वॉर्डन म्हणायच्या सगळ्यांचंच होतं. गंमत म्हणजे त्यातल्याच एका सिनियरनं परीक्षेआधी स्वतःच्या नोट्स आणून दिल्या. घेतल्या मी. माफ वगैरे काही केलं नाही.

बर्डीची_बाई
@अनामिक_96 बरं केलंस. नोट्स घ्यायच्याच.

पुण्याहून_आलेला
मला तर पहिल्या आठवड्यात वाटलं सगळे माझ्याशी भांडूनच राहिलेत (बघा, मी पण शिकलो). पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रूममेट ओढत इतवारीत घेऊन गेले, मारबत, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला. ती गर्दी, ढोल, काळी आणि पिवळी मारबत, मागे बडगे (टीकेचे पुतळे), त्यावर नेत्यांना जे काय लिहिलेलं असतं! सगळे ओरडत होते "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत", मी घसा फाडून "मॅथ्स वन घेऊन जा गे मारबत". मारबत गेली. मॅथ्स वन राहिलं, दोनदा.

सबमिशनग्रस्त
मारबत 1880 च्या दशकापासून निघते बावा, तिच्याकडे आधीच बॅकलॉग आहे

रुई
बाळाला झोपवता झोपवता लिहितेय, चुका असतील. मी यवतमाळकडची, दीक्षाभूमीच्या मागं खोली होती, दोघींत एक. एवढ्या मोठ्या गावात ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं, संध्याकाळी फार रडू यायचं. दसरा आला आणि गावाहून आत्या, मावशी, त्यांच्या शेजारणी, पोरंटोरं, सगळे चालत चालत माझ्या खोलीवर. आत्या म्हणाली, "तू हाय म्हणून टेकायला जागा भेटली." त्या एवढ्याशा खोलीत किती जण झोपले मोजलंच नाही, रूममेट पण भाकर-ठेचा खाऊन त्यांच्यातच झोपली. सकाळी मावशीनं स्टॉलवरून पुस्तकं घेतली, तिला वाचता येत नाही, म्हणाली तू वाच आन् सांग मले. ते गेल्यावर खोली झाडली, आणि त्या दिवशी काही रडू आलं नाही. बाळ उठलं, नंतर लिहिते.

अनामिक_96
रुई ❤️

गडचिरोलीची_आई
सगळं वाचून राहिली. लेक यंदाच गेला नागपूरला. फोनवर नुसतं "हो", "नाही", "ठेवतो". हे कधी संपते?

काटोलकर
काकू, पैसे संपले की स्वतःहून पूर्ण वाक्यात बोलते 😅

गडचिरोलीची_आई
😂 महिन्याच्या शेवटी बघते मग

टर्री_मारके
@पुण्याहून_आलेला ते सगळं ठीक आहे, टर्री पोहे (वर तिखट रस्सा घातलेले) खाल्ले का नाही ते सांग

पुण्याहून_आलेला
खाल्ले. "टर्री जास्त" म्हणालो होतो, रूममेटनं शिकवलं होतं. त्या दिवशीचं प्रॅक्टिकल अजून बाकी आहे.