ईमेल, शेअर्ड कॅलेंडर, ग्रुपवेअर: साठ जणांच्या संस्थेत हे नीट बसवायचं कसं?

वेळापत्रकवाली (प्रश्न)

नमस्कार मंडळी, मी एका शिक्षणसंस्थेत ऑफिसचं काम बघते. शिकवणारे आणि ऑफिसचे मिळून साधारण साठ जण आहोत. सगळं ईमेलवर चालतं आणि उरलेलं चॅट ग्रुपवर. गेल्या परीक्षेच्या वेळी झालं असं की वेळापत्रकाची एक्सेल फाइल मी मेलला जोडून सगळ्यांना पाठवली, दोघांनी त्यात बदल करून रिप्लाय ऑल केलं, तिसऱ्या सरांनी जुन्याच फाइलमध्ये दुरुस्ती करून पाठवली, मी त्यातली एक धरून हॉलची यादी लावली आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी एकाच हॉलच्या दाराशी दोन वर्गांची मुलं उभी. वीस मिनिटं गेली ते निस्तरण्यात. मुलांची काहीच चूक नव्हती, त्यांचे घाबरलेले चेहरे अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

आता वरून सांगितलंय की एखादं ग्रुपवेअर घ्या, म्हणजे मेल, कॅलेंडर, फाइल सगळ्यांना मिळून वापरता येतील असं सॉफ्टवेअर. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड अशी तीन नावं पुढे आहेत. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही एक शेअर्ड कॅलेंडर सुरू केलं होतं, नव्याचे नऊ दिवस सगळ्यांनी भरलं आणि महिन्याभरात ते ओस पडलं. या वेळी पण तसंच होईल का ही भीती आहे. कोणी प्रत्यक्ष केलंय का हे?

सर्व्हरखोली

ताई, तिन्हीपैकी कुठलं घ्यायचं ते नंतर बघू, आधी तुमचं ते ओस पडलेलं कॅलेंडर बघू कारण खरी गोम तिथे आहे. जोनाथन ग्रूडिन नावाच्या संशोधकाने १९८८ मध्येच यावर लिहून ठेवलंय की ग्रुपवेअर फसतं ते बऱ्याचदा अशामुळे की माहिती भरण्याचं काम एकाला करावं लागतं आणि फायदा दुसऱ्यालाच होतो. आणि त्यात उदाहरणसुद्धा शेअर्ड कॅलेंडरचंच आहे, मीटिंग बोलावणाऱ्या साहेबांना सगळ्यांच्या रिकाम्या वेळा एका नजरेत दिसतात, पण त्यासाठी प्रत्येकाने रोज आपलं कॅलेंडर भरत बसायचं, त्याला स्वतःला त्यातून काय मिळतं? काहीच नाही. मग तो चार दिवस भरतो आणि सोडून देतो. यात आळशीपणा वगैरे काही नाही, कोणीही असंच करेल.

आमच्याकडे पण पहिल्यांदा असंच झालं. मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली, माणसांची कॅलेंडरं बाजूला ठेवली आणि फक्त हॉल, लॅब आणि प्रोजेक्टर कॅलेंडरवर टाकले. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हीकडे खोलीला स्वतःचं कॅलेंडर देता येतं, तुम्ही मीटिंग किंवा तास टाकताना ती खोली निवडायची, रिकामी असेल तर आपोआप होकार येतो, आधीच कोणी घेतली असेल तर नकार येतो. आणि नियम एकच केला की तोंडी बुकिंग बंद. पहिले दोन आठवडे कुरकुर झाली, पण ज्या मॅडमना लॅब हवी होती त्यांना घरी बसून लॅब मिळाली, ऑफिसात फोन करून विचारत बसावं लागलं नाही, त्यामुळे भरणाऱ्यालाच तिथल्या तिथे फायदा. पुढे दोनेक महिन्यांनी लोक आपणहून स्वतःचे तास पण टाकायला लागले. तुमचा परीक्षेचा घोळ पण इथेच अडला असता, दुसऱ्या वर्गाला तो हॉल मिळालाच नसता.

आता फाइल. मेलला जोडलेली फाइल म्हणजे झेरॉक्स, साठ जणांना पाठवली की साठ प्रती झाल्या आणि प्रत्येक जण आपल्या प्रतीवर खाडाखोड करणार. (शिवाय जोडताना मेल सिस्टीम फाइलचं मजकुरात रूपांतर करते, त्यात आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून मर्यादेच्या जरा आत असलेली फाइल पण कधी कधी परत येते.) त्यापेक्षा फाइल एकाच जागी ठेवा आणि मेलमध्ये फक्त लिंक पाठवा. बदल करायची परवानगी दोघांनाच, बाकीच्यांना नुसतं बघायची आणि कॉमेंट टाकायची. कोणी काय कधी बदललं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं, चुकलं तर मागचं परत आणता येतं. फक्त "लिंक असेल तो कोणीही" हे सेटिंग गुणांच्या किंवा मुलांच्या वैयक्तिक माहितीच्या फाइलला चुकूनही ठेवू नका, एकदा लिंक बाहेर गेली की ती कुठे कुठे फिरली ते कळायला मार्ग नसतो.

दुसरापाळी

वरच्यांना अनुमोदन. माझी एक भर, विद्यार्थ्यांचे मेल कोणाच्या इनबॉक्सात येतात ते बघा. आमच्याकडे प्रवेशाचे सगळे मेल एका भाऊंच्या स्वतःच्या आयडीवर यायचे, ते नोकरी सोडून गेले आणि पुढचे तीन आठवडे मुलं मेल करत राहिली, कोणी उघडलेच नाहीत. तेव्हापासून प्रवेश, परीक्षा, हिशेब असा कामाच्या नावाने आयडी आणि त्याला शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे अनेकांना उघडता येणारी एकच मेलपेटी. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही, गूगलमध्ये ग्रुपला कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स करता येतं, तिथे मेल एकेकाच्या नावावर लावता येतो. पासवर्ड मात्र वाटत बसू नका, प्रत्येकाला आपापल्या लॉगिनमधून परवानगी द्या. आणि मेल उघडला की आधी त्यावर आपलं नाव लावायचं, मगच उत्तर लिहायचं. हे ठरलं नव्हतं तेव्हा एकाच मुलीला फी भरायच्या दोन वेगळ्या तारखा आमच्याकडूनच गेल्या होत्या, ती बिचारी दोन्ही मेल प्रिंट करून घेऊन आली, तिला काय सांगायचं तेच आम्हाला कळेना.

जुनीनोंदवही

मी जरा वेगळं बोलतो. ग्रुपवेअर ही नवी गोष्ट नाही. १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाच्या शिकवण्याच्या सिस्टीमवर नोट्स म्हणून चर्चेची सोय झाली, तिथे शिकलेल्या रे ओझीने पुढे लोटस नोट्स बनवलं, ते १९८९ मध्ये बाजारात आलं. मी अनेक वर्षं त्यावर काम केलंय आणि त्याच्याइतकं नीट काम मी नंतर पाहिलं नाही, चर्चा, कागद, मंजुरी सगळं एकाच डेटाबेसमध्ये, नेटवर्क नसलं तरी लॅपटॉपवर प्रत असायची आणि जोडलं की आपोआप मेळ बसायचा. पण संस्थेने दुसरीकडे जायचं ठरवलं तेव्हा मेल गेले आणि चर्चा मागे राहिल्या. कोणता निर्णय का घेतला ते त्या चर्चांमध्ये होतं, ते सगळं आमच्या हातचं गेलं. मला ते आजही लागतं.

म्हणून घ्यायच्या आधी विचारा की बाहेर पडताना काय काय सोबत नेता येईल. मेल आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) बाहेर निघतात का, कॅलेंडर आयसीएस फाइलमध्ये (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) किंवा कॅलडॅव्हने (कॅलेंडर जोडायची पद्धत), पत्ते व्हीकार्डमध्ये (पत्त्यांची फाइल). हे सगळे खुले स्टँडर्ड आहेत, आयमॅप तर १९८६ पासूनचं. आणि चॅटमधली चर्चा कशी काढायची हे तर नक्की विचारा. गूगल वेव्ह आठवतंय का कोणाला? मेल, चॅट, डॉक्युमेंट सगळं एकत्र, २००९ मध्ये गाजावाजा झाला आणि २०१० मध्ये त्यांनी काम थांबवलं. मेल मात्र अजून चालू आहे कारण तो कोणा एकाचा नाही, या कंपनीचा मेल त्या कंपनीच्या इनबॉक्सात जातो. निर्णय झाला की चार ओळींचा मेल टाका, चर्चा कुठेही होऊ दे.

सर्व्हरखोली

जुनीनोंदवही सर, शेवटच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत, आमच्याकडे पण निर्णय मेलवरच.

ताई, नेक्स्टक्लाउडबद्दल राहिलं होतं. फाइल आणि कॅलेंडरला ते चांगलं आहे, डेटा आपल्या ताब्यात राहतो. पण त्यातलं मेल ॲप म्हणजे फक्त खिडकी आहे, मेल साठवणारा सर्व्हर वेगळा लागतो. आणि स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं हे पूर्णवेळ माणूस असल्याशिवाय करू नका, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे समोरच्या सर्व्हरला पटवणारी सेटिंग्ज) नीट लावले नाहीत तर तुमचे मेल विद्यार्थ्यांच्या स्पॅममध्ये जातील, २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू याबाबतीत आणखी कडक झालेत. फाइल आपल्याकडे आणि मेल बाहेर असं पण करता येतं. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांचीही पात्र शिक्षणसंस्थांसाठी मूळ आवृत्ती फुकट आहे, तेव्हा आधी तिथे अर्ज करून बघा. आणि काहीही घेतलं तरी बॅकअप वेगळा ठेवा.

वेळापत्रकवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून काढलं. आधी हॉल आणि लॅबचं बुकिंग सुरू करते, सोबत परीक्षा विभागाचा शेअर्ड मेलबॉक्स, बाकी सगळं थांबू दे. लोटस नोट्सचं वाचून आमचे चॅटवरचे जुने निर्णय पण एका जागी लिहून ठेवायला घेतेय. एकच अडचण, आमच्याकडे पाच-सहा ज्येष्ठ शिक्षक आहेत, ते मोबाइलवर चॅट सोडून काहीच उघडत नाहीत. त्यांच्यापर्यंत परीक्षेचं कॅलेंडर कसं न्यायचं?

दुसरापाळी

त्यांच्या फोनमध्ये आधीपासून जे कॅलेंडर आहे त्यातच जोडून द्या, नवं ॲप शिकवू नका. आयफोनमध्ये सोय आतच आहे, अँड्रॉइडवर गूगलचं असेल तर अकाउंट जोडलं की झालं, नेक्स्टक्लाउड असेल तर डॅव्हएक्सफाइव्ह नावाचं ॲप लागतं. मी प्रत्येकाजवळ बसून स्वतः जोडून दिलं होतं, दहा मिनिटं लागतात. फक्त नुसत्या आयसीएस लिंकवर भिस्त ठेवू नका, ती ताजी व्हायला काही काही तास लागतात. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हॉल बदलला तर कॅलेंडरमध्ये बदला आणि त्या पाच-सहा जणांना सरळ फोन लावा.