मदत हवी आहे: घरी बनवलेलं फझ पेडल मच्छरासारखं वाजतंय, शनिवारच्या आत हवंय

तारतुट्या (ठाणे)
तीन दिवस डोकं फिरलंय. बिग मफ या फझ पेडलचं (गिटारचा आवाज जाड, खरखरीत करणारा डबा) सर्किट झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डवर) बनवलं. बायपासला (पेडल बंद, गिटार थेट) आवाज ठणठणीत, पण स्विच दाबला की कानाशी मच्छर आल्यासारखा बारीक आणि फाटका आवाज. सस्टेन फिरवा, व्हॉल्यूम फिरवा, ढिम्म फरक नाही. जोडणी चार वेळा तपासली, बरोबर आहे. शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये वाजवायचंय. काय चुकत असेल? आणि हे झालं की फेजर नाहीतर कोरस (आवाजाला लाटा आणणारे इफेक्ट) करायचाय, त्यातलं सोपं कुठलं तेही सांगा. 'मल्टिइफेक्ट घे' म्हणणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

कावळा७२
मल्टिइफेक्ट घे. एका डब्यात सगळं येतं. तीन दिवसांत दहा गाणी बसली असती.

ओहमशांती
'जोडणी बरोबर आहे' हे वाक्य वाचलं की मला खात्रीच पटते. दोन्ही बाजूंचे फोटो टाक. पॉवर कसली? ट्रान्झिस्टर कुठले? चारही ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवर किती व्होल्ट येतात ते मोजून लिही. त्याशिवाय इथे फक्त ज्योतिष चालेल.

खटपट_खारघर
पॉवरचाच लोचा आहे, लिहून देतो. राउटरचा अडॅप्टर लावला असणार. त्यात बहुतेक वेळा मधली पिन पॉझिटिव्ह असते, पेडलच्या दुनियेत मधली निगेटिव्ह. माझा एक फेजर असाच गेला. उलट पॉवरपासून वाचवणारा एक डायोड टाकला असता तर वाचला असता, पण तेव्हा शहाणपण नव्हतं.

तारतुट्या
९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आहे हो, नवीन. फोटो रात्री टाकतो, आत्ता कॉलेजला आहे.

जर्मेनियम_नाना
मुळात मफ कशाला? चार ट्रान्झिस्टर, वर टोन कंट्रोल, नवख्याने एवढ्यात शिरू नये. फझ फेस करा. १९६६ चं सर्किट, फक्त दोन ट्रान्झिस्टर, गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सने जग हलवलं त्यावर. वडिलांच्या जुन्या रेडिओतले एसी१२८ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर काढून मी बनवलाय. गिटारचा व्हॉल्यूम जरा कमी केला की आवाज असा स्वच्छ होतो, लोण्यासारखा. आजच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये ती मजा नाही.

ओहमशांती
नाना, आदर आहे, पण जर्मेनियममधून गळणारा करंट तापमानाबरोबर वाढतो हे तुम्हालाही माहीत आहे. डिसेंबरात लावलेला बायस (ट्रान्झिस्टरचं ठरवलेलं व्होल्टेज) मे महिन्यात ठाण्यात टिकेल का? आणि एसी१२८ पीएनपी म्हणजे उलट पोलॅरिटीचा आहे, मूळ सर्किटमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला जातं. या मुलाला त्यात अडकवू नका, त्याचा आत्ताचा गुंता आधी सुटू दे.

जर्मेनियम_नाना
मे महिन्यात बायसचा ट्रिमर जरा फिरवायचा. त्यात काय एवढं. वाद्याला लाड लागतातच, तबलासुद्धा पावसाळ्यात उतरतो.

नेरूळची_नमू
मॉड्युलेशनबद्दल (फेजर, कोरस वगैरे) कुणी बोलतच नाहीये, म्हणून मी. कोरसला बकेट ब्रिगेड चिप (आवाज किंचित उशिराने पुढे सोडणारी) लागते, एमएन३००७ किंवा तिच्या घराण्यातली. ऑनलाइन स्वस्तात दिसली की हात आखडता घ्या. माझ्या दोन नकली निघाल्या, आणि आपल्या सोल्डरिंगचाच दोष समजून मी आठवडा घालवला. कराओकेच्या एको बोर्डवर असते ती पीटी२३९९ वापरून कोरस करू म्हणाल, तर तिचा कमीत कमी डिले (उशीर) ३० मिलिसेकंदांच्या आसपास. कोरसला त्याहून कमी लागतो. स्लॅपबॅक (एकच झटपट प्रतिध्वनी) छान येतो, कोरस नाही. फेज ९० पद्धतीच्या फेजरला चार जेफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) एकसारखे जुळवून लावावे लागतात, म्हणजे वीसेक घेऊन एकेक मोजत बसायचं. पहिलंच मॉड्युलेशन असेल तर ट्रेमोलो करा. एक एलईडी, एक एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा भाग) आणि मंद ऑसिलेटर. एलईडी लुकलुकेल तसा आवाज वरखाली.

पाचपाखाडीकर
विषय निघालाच आहे तर, मुलगा आठवीत आहे, त्याला पहिली गिटार नायलॉन तारांची घ्यावी की स्टीलच्या?

कावळा७२
@पाचपाखाडीकर, नायलॉन. बोटं सोलली की मुलं सोडून देतात.

तारतुट्या
फोटो टाकतोय. मोजलं: चारही ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरच्या पायाला ७.९ ते ८.३ व्होल्ट. पहिल्या तिघांच्या बेसला ०.६. चौथ्याच्या बेसला दीडच्या आसपास.

ओहमशांती
कलेक्टर साडेचार-पाचला हवा. चारही एकसारखे वर चढलेत, म्हणजे ड्राय सोल्डर (कच्चा सांधा) नाही. ड्राय सोल्डर चारही ठिकाणी इतका शिस्तीत होत नाही. ट्रान्झिस्टर कुठले, पुन्हा विचारतो.

तारतुट्या
साधेच. दुकानातून दिले ते.

ओहमशांती
साधे म्हणजे? त्याच्या कपाळावर लिहिलेलं वाच.

तारतुट्या
बीसी५४७. लेआउटमध्ये २एन५०८८ होतं, दुकानदार म्हणाला सेम आहे, बिनधास्त लाव.

ओहमशांती
अरे बाबा! हेच पहिल्या ओळीत लिहायचं होतं. सपाट बाजू स्वतःकडे धर. २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. तू चारही उलटे बसवलेस. उलटा ट्रान्झिस्टर मरत नाही, रडतखडत चालतो, म्हणून तुला मच्छर ऐकू येतोय. चारही काढ, अर्धी गिरकी देऊन बसव.

खटपट_खारघर
काढलेले परत लावू नका, नवीन घ्या. बीसी५४७ च्या बेस-एमिटरला उलटे ६ व्होल्टच झेपतात आणि इथे त्याहून जास्त पडत होते. वडापावाच्या पैशात मूठभर येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, पार्टांच्या बाजारात, जाणार असाल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात.

जर्मेनियम_नाना
गंमत म्हणून सांगतो. फझ जन्मालाच बिघाडातून आला. नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सिंग कन्सोल बिघडला, तो आवाज लोकांना आवडला आणि १९६२ मध्ये माएस्ट्रोने तसा डबाच विकायला काढला. तेव्हा पोरा, मच्छरही ठेवून बघ.

तारतुट्या
वाजलं!!! जवळच्याच दुकानात नवे मिळाले. शेजारच्या काकांनी भिंत ठोकली इतकं वाजलं. ओहमशांती, साष्टांग. पण आता गुंईईई असा हम्म आहे. तारांना हात लावला की कमी होतो.

ओहमशांती
डबा कसला आहे?

तारतुट्या
श्रीखंडाचा. अर्धा किलोचा.

ओहमशांती
प्लास्टिक. हेही आत्ता सांगतोयस.

नेरूळची_नमू
मफ सिग्नल इतका वाढवतो की उघड्या सर्किटमध्ये आजूबाजूच्या वायरिंगची, घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर शिरतेच. धातूचा डबा घे, ग्राउंडला जोड.

तारतुट्या
स्टीलच्या डब्याला भोकं पाडायला आई देत नाहीये.

नेरूळची_नमू
मग श्रीखंडाच्या डब्याला आतून स्वयंपाकघरातली फॉइल चिकटव. फॉइलला एक वायर ग्राउंडची, दाबून पक्की बसव, अॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. वरून इन्सुलेशन टेप लाव, नाहीतर बोर्डचे टोकदार पाय फॉइलला लागून सगळं शॉर्ट होईल. आणि इनपुट जॅकपासून स्विचपर्यंत शील्डेड वायर.

पाचपाखाडीकर
नायलॉनचं कळलं. पण तारा मुलाला स्वतः बदलता येतील का?

तारतुट्या
फॉइल लावली, गुंई बरीच खाली आली. नमूताई, ट्रेमोलोत एलईडी आणि एलडीआर एकत्र गुंडाळायला काळी टेप चालेल का? शनिवारपर्यंत तेही उरकेल असं वाटतंय.

नेरूळची_नमू
टेप चालेल, पण दोन थर दे. ट्यूबलाइटचा उजेड आत गेला तर तोही वाजतो.

ओहमशांती
शनिवारपर्यंत उरकणार नाही.